वरून ओतलेलं पाणी

आमच्या गावात अजूनही कुणीतरी मला विचारतं, "तात्या, तुमच्यात बाप्तिस्मा करतात म्हणजे नेमकं काय करतात हो?" विचारणारा वाईट मनाचा नसतो. पारावर बसून तंबाखू मळता मळता विचारतो. मी सांगतो, "पाळक डोक्यावर तीनदा पाणी घालतो. बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं." तो म्हणतो, "एवढंच?" मी म्हणतो, "एवढंच." मग आम्ही कांद्याच्या भावावर येतो.

घरी येताना मात्र मला वाटत राहतं, की आपण अर्धंच सांगितलं. माझं शिक्षण दहावीपर्यंत झालं. धर्मशास्त्राच्या शाळेत मी कधी गेलो नाही. बाप्तिस्म्याचा अर्थ पाळक लोक माझ्यापेक्षा चांगला सांगतील. पण मी शेतकरी माणूस आहे, पाण्याशी माझा जन्माचा संबंध आहे. बाप्तिस्मा मला जेवढा कळला, तेवढा पाण्यावरूनच कळला. तो कसा, ते लिहून ठेवतो.

आम्ही नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच येतं. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. त्याआधी आमचं घर गावाच्या महारवाड्यात होतं. येसकरकी होती. सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी भाकरी मागून आणायची, असं काम. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना चढता येत नसे. बाया घागरी घेऊन विहिरीपासून लांब बसून राहायच्या. कुणा बाईला दया आली, की ती पोहरा काढून वरून पाणी ओतायची. घागरीला पोहरा लागू द्यायचा नाही, हाताला हात लागू द्यायचा नाही. वाटेत तहान लागली तर खाली बसून ओंजळ करायची आणि कुणीतरी हातभर उंचावरून धार सोडायची. निम्मं पाणी कोपरावरून खाली जायचं.

हे मला आजीनं सांगितलं. तिला तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, सांगितलेलं.

त्यांच्या बाप्तिस्म्याची गोष्ट आमच्या घरात अशी सांगतात. झाडाखाली मंडळी जमली होती. पाद्रीसाहेबापुढं पितळेचं भांडं होतं. पणजोबा गुडघ्यावर बसले आणि डोळे मिटले. पाणी वरूनच येणार हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या वाट्याचं पाणी कायम वरूनच आलेलं होतं. पाणी आलं. पण पाण्याबरोबर हातही आला. ओला हात डोक्यावर टेकला आणि तिथंच राहिला, आणि त्यांचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं. म्हातारपणी पणजोबा म्हणायचे, "पानी तर कुनीबी घालतं. त्या मानसानं हात काढून घेतला न्हाई."

आमच्या घरात बाप्तिस्म्याचा अर्थ विचारला की हे वाक्य सांगतात. शास्त्र त्यानंतर.

गावाला मात्र दुसरा शब्द ठाऊक होता. बाटणं. आमच्या मराठीत ख्रिस्ती होण्याला पिढ्यान् पिढ्या हाच शब्द वापरला गेला. बाटणं म्हणजे विटाळणं. वसई आणि गोव्याकडच्या पोर्तुगीज काळाविषयी लोक एक गोष्ट सांगतात, की रात्री विहिरीत पावाचा तुकडा टाकायचे आणि सकाळी ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटायचं. गोष्ट किती खरी ते सोडा. पण ती सांगणाऱ्यांच्या मनात पाण्याची भीती किती होती, ते तिच्यातून कळतं. पाण्यानं माणूस शुद्ध होतो असं आपणच म्हणतो, गंगेचा गडू घरात ठेवतो, आणि पाण्यानंच माणूस कायमचा बाटतो असंही आपणच मानत होतो. माझ्या पणजोबांना बाटण्याची भीती नव्हती. ज्याला जन्मतःच विटाळ म्हटलं, तो आणखी काय बाटणार?

पोटासाठी बाटले, असंही लोक म्हणाले. दुष्काळानंतरच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाप्तिस्मे वाढले, हे खरं आहे. भुकेलेली माणसं जिथं धान्य मिळेल तिथं गेली, यात मला लाज वाटत नाही. पण नुसत्या भाकरीसाठी गेली असती, तर पाऊस पडल्यावर परत आली असती. काही आलीही. पणजोबा आले नाहीत. बाप्तिस्म्यानंतर पहिलं काय झालं, तर भाऊबंदांनी त्यांचं जेवण तोडलं. जत्रेतलं मानाचं काम गेलं. बहिणीनं दिवाळीला बोलावणं बंद केलं. फायद्याचा हिशेब मांडला, तर नफ्याच्या खाली हा तोटाही लिहावा लागतो.

आता शास्त्रात काय आहे ते थोडं सांगतो.

बाप्तिस्मा हा शब्द मूळचा ग्रीक आहे. त्याचा अर्थ पाण्यात बुडवणं. यार्देन नदीवर योहान नावाचा उंटाच्या केसांचं वस्त्र घालणारा माणूस लोकांना सांगत होता, की पाप सोडा, मागं फिरा आणि खूण म्हणून पाण्यात उतरा. त्या रांगेत येशूही उभा राहिला. योहान नको म्हणत होता, तरी त्यानं पाण्यात उतरण्याचा आग्रह धरला. मला हे फार मोठं वाटतं. पाप्यांच्या रांगेत तो पाप्यांसारखा उभा राहिला, बाजूला काठावर थांबला नाही.

पुढं पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात याचा अर्थ उलगडला आहे. पाण्याखाली जाणं म्हणजे येशूबरोबर मरणं आणि पुरलं जाणं. पाण्यातून वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर पुन्हा उठणं. म्हणजे ही नुसती आंघोळ नाही, मूठमाती आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाजरीचा दाणा मातीआड जातो, दिसेनासा होतो आणि मग कोंब येतो. गलतीकरांच्या पत्रात तोच पौल म्हणतो, की ज्यांचा असा बाप्तिस्मा झाला, त्यांच्यात यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरत नाही. सगळे एक झाले.

पाणी किती आणि कसं, यावर ख्रिस्ती लोकांत भांडणं आहेत. कुणी म्हणतं, माणूस पूर्ण बुडलाच पाहिजे. कुणी म्हणतं, डोक्यावर घातलं तरी चालतं. कुणी तान्ह्या लेकराला देतं, तर कुणी म्हणतं, कळत्या वयात स्वतः कबूल केल्याशिवाय नाही. आमच्याकडं तान्ह्या मुलांना देतात. त्याच्या वतीनं आईबाप आणि मंडळी कबुली देतात, आणि मूल मोठं झालं की दृढीकरणाच्या वेळी ते स्वतः उभं राहून तीच कबुली देतं. १९७० साली नागपुरात सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तिच्यात दोन्ही पद्धती मान्य केल्या. ख्रिस्ती धर्माच्या अगदी पहिल्या काळातल्या एका छोट्या पुस्तकात तर सांगितलं आहे, की वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर साठवलेलं घ्या, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ते लिहिणाऱ्याला दुष्काळ माहीत असावा.

आमच्या जिल्ह्यातला इतिहासही पाहण्यासारखा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ साली नगरला. १८३९ साली तिथं हरिपंत खिस्ती या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. पुढं ते नगरच्या मंडळीचे पाळक झाले. आता विचार करा. मंडळीत बहुतेक माणसं महार आणि मांग. त्यांच्या डोक्यावर पाणी घालणारा आणि प्रभुभोजनाची भाकर त्यांच्या हातात देणारा हात ब्राह्मणाचा. ज्या काळात सावलीचा विटाळ मानत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्या पाण्यानं त्यांचं घर दुभंगलं. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढं काही वर्षांनी त्या नवऱ्याकडं आल्या, पण सोवळं एकदम सुटलं नाही. ते हळूहळू, एकेक करून सुटलं. १९०० साली राहुरीला त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे. राहुरी आमच्या शेजारचा तालुका. मला लक्ष्मीबाईंचं एक पटतं. दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायला त्या आधी शिकल्या, आणि मग स्वतःच्या डोक्यावर पाणी घेतलं.

टिळकांनी शेवटच्या काळात आणखी एक वेगळी वाट धरली. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात येशूचे बाप्तिस्मा घेतलेले शिष्य आणि बाप्तिस्मा न घेतलेले शिष्य यांना एकत्र बसवायचं होतं. १९१९ साली ते गेले. बाप्तिस्म्यापायी ज्यानं एवढं सोसलं, त्यानंच शेवटी दारात उभं राहून 'आधी पाणी, मग आत' असं म्हणायचं नाकारलं. याचा अर्थ पाणी फुकटचं होतं असा नाही. पाण्याची भिंत होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

आता माझ्या घरची गोष्ट. ती मी आजवर कागदावर आणली नव्हती.

१९७३ चा उन्हाळा. बहात्तरच्या दुष्काळाचं शेपूट. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आई-बाप दोघंही खडी फोडायला जायचे. मिलोची भाकरी आणि सुकडी, त्यावर दिवस काढले. आई पोटुशी होती. आठव्या महिन्यातच तिचं पोट दुखायला लागलं आणि रात्री मुलगी झाली. एवढीशी. रडलीसुद्धा नाही, नुसती मांजराच्या पिल्लासारखी कण्हली. आजीनं तिला कापसात गुंडाळलं. सकाळी आजी मला म्हणाली, "पोरा, ही राहत न्हाई. पानी आन. चांगलं पानी आन."

आमच्या वस्तीचा आड केव्हाच आटला होता. घरात टँकरचं गढूळ पाणी तळाला होतं, ते आजीला नको होतं. पाळक पंधरा दिवसांतून एकदा सायकलवर यायचे, त्यांची पाळी लांब होती. मी तांब्या घेऊन एका मळ्यात गेलो. तिथल्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं. म्हातारी मालकीण काठावर होती. मी सांगितलं, "आजीनं मागितलंय. आमची मुलगी मरायला लागलीय." म्हातारी काही बोलली नाही. तिनं पोहरा सोडला, वर ओढला आणि मला तांब्या खाली ठेवायला सांगितलं. जुन्या वळणाप्रमाणं तिनं उंचावरूनच पाणी ओतलं. पण त्या उन्हाळ्यात तिनं तांब्या काठोकाठ भरला. सांडलेल्या पाण्याकडं एकदा बघितलं आणि परत थोडं ओतलं. मी आजही ठरवू शकत नाही, की तिचा राग करावा की उपकार मानावेत. दोन्ही होतं.

घरी आलो. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रविवारची उपासना पाठ होती. तिनं बाळाला डाव्या हातावर घेतलं. उजव्या हाताच्या ओंजळीतून तीनदा पाणी घातलं, तीन नावं घेतली आणि मुलीला स्वतःच्या आईचं नाव दिलं. मग ओला हात तिच्या टाळूवर ठेवून बसली. दुपारपर्यंत तो हात तिथंच होता. दुपारी मुलगी गेली.

पाळक आले तेव्हा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं आक्षेप घेतला. बाईमाणूस, तेही अडाणी, हिनं दिलेला बाप्तिस्मा कसा धरायचा? मुलीला कुठं पुरायचं, इथपासून आधी वाद झाला होता. आजी ओसरीच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. पाळकांनी तिला दोनच गोष्टी विचारल्या. पाणी घातलं का? कुणाच्या नावानं घातलं? तिनं सांगितलं. मग त्यांनी पुस्तक उघडून नव्या करारातली कूशी अधिकाऱ्याची गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवली. तो माणूस षंढ होता. यरुशलेमला लांबून देवाच्या भक्तीला गेला, पण जुन्या नियमशास्त्राप्रमाणं त्याच्यासारख्याला मंडळीत जागा नव्हती. परतीच्या वाटेवर रथात बसला असताना फिलिप्पानं त्याला येशूची गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेला पाणी दिसलं, तसं त्यानं विचारलं, की इथं पाणी आहे, मग मला अडचण काय? फिलिप्पाला अडचण सापडली नाही. दोघंही पाण्यात उतरले.

पाळकांनी पुस्तक मिटलं आणि मंडळीची बाप्तिस्म्याची वही मागवली. मुलीचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. बाप्तिस्मा कुणी दिला त्या रकान्यात आजीचं नाव लिहिलं. आमच्या आजीचं नाव त्याआधी मी कुठल्याच सरकारी वा बिनसरकारी कागदावर बघितलं नव्हतं.

सगळं चांगलंच सांगतोय असं कुणाला वाटू नये. पाण्यानं आम्हाला एक केलं असं आम्ही उपासनेत म्हणतो, पण बाहेर आल्यावर विसरतो. माझ्या लहानपणी महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक होत नव्हती. अजूनही पत्रिका जुळवताना लोक आडून चौकशी करतात. एका वहीत नावं, एका पाण्याचे बाप्तिस्मे, आणि तरी मुलगी द्यायची म्हटलं की जुनी जात उठून बसते. गावच्या विहिरीला नावं ठेवताना आपल्या घरातला आडही बघावा.

आणि आता नातवाचा प्रश्न. गेल्या वर्षी धाकट्या मुलाला मुलगा झाला. तो पुण्याला खासगी कंपनीत आहे. एका रात्री तो म्हणाला, "दादा, बाप्तिस्मा करू, पण वहीत नाव नको." कारण उघड आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा हक्क आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाही. महाराष्ट्रात आम्ही इतर मागासवर्गात येतो. त्यामुळं कित्येक घरांत दोन नावं चालतात, एक शाळेच्या दाखल्यावर आणि एक देवळात. मी कुणाला दोष देत नाही. पाणी घेतल्यावर जात धर्मातून जाते असं सरकार म्हणतं. गाव तसं म्हणत नाही. मग पोराच्या भाकरीचा विचार बापानं करू नये का?

मी त्याला उपदेश केला नाही. पाळकांची परवानगी घेऊन जुनी वही बघायला त्याला नेलं. त्र्याहत्तरचं पान काढलं. कागद पिवळा पडलाय, शाई विटलीय, पण अक्षर वाचता येतं. त्यानं आपल्या आत्याचं नाव वाचलं. एवढ्या वर्षांत ती होती हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या नावाचा जन्मदाखला नाही, मृत्यूचा दाखला नाही, फोटो नाही. ती या जगात सकाळपासून दुपारपर्यंत होती, याची नोंद त्या एका ओळीत आहे. तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभा राहिला. परत येताना मोटारसायकलवर एक शब्द बोलला नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी नातवाचा बाप्तिस्मा झाला. मुळेच्या पाटाचं पाणी आता आमच्या शेताला मिळतं, त्या भरवशावर आमच्या विहिरीला बारा महिने पाणी असतं. सकाळी मी स्वतः कळशी भरून नेली. आमच्या शेजारचे दोघं-तिघं गाववाले कौतुकानं आले होते, ते मागच्या बाकावर बसले. पाळकांनी तीनदा पाणी घातलं. पोरगं जोरात रडलं. पाळकांनी हात डोक्यावर तसाच ठेवला, रडणं थांबेपर्यंत.

उपासना संपल्यावर पाळकांनी वही उघडली आणि मुलाकडं बघितलं. त्याला आधी सगळं सांगून ठेवलेलं होतं. मुलानं सुनेकडं बघितलं. मग म्हणाला, "लिहा. पूर्ण नाव लिहा."

कळशीत थोडं पाणी उरलं होतं. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "तात्या, हे पाणी प्यायचं असतंय का?" मी म्हटलं, "आपल्याच विहिरीचं आहे. पी की." आणि तांब्या त्याच्या हातात दिला.